यजमान झालो की आपली पोरं थेट आत? पार्क चौकातली पैज आणि लेकीचा प्रश्न

विजापूरवेस

मंडळी, काल आपल्या सोलापूरच्या गड्ड्यावरून (सिद्धेश्वराच्या जत्रेवरून) परत येताना पार्क चौकात चहाला थांबलो. रोजचेच चार-पाच जण होते. विषय निघाला अहमदाबादचा. २०३० च्या राष्ट्रकुल स्पर्धा नोव्हेंबर २०२५ ला त्यांना मिळाल्या, आता २०३६ चं ऑलिंपिकपण तिथंच येणार असं एकाचं म्हणणं. दुसरा म्हणाला, "मग काय, यजमानाची पोरं थेट आत. पात्रता-बित्रता बाहेरच्यांना." तिसऱ्यानं शंभराची पैज लावली की असं काही नसतं. पैज सुटलेली नाही, दोघांचे पैसे चहावाल्याकडे आहेत.

मला यात रस असायचं कारण घरातलं आहे. थोरली लेक नववीत आहे, आठशे मीटर पळते. एका स्पर्धेत दुसरी आली. घड्याळ लावणाऱ्यानं तोंडी २:२१ सांगितलं, प्रमाणपत्रावर वेळच नाही, नुसतं 'द्वितीय क्रमांक'. रात्री जेवताना तिनं विचारलं, "बाबा, ऑलिंपिकला किती लागतं? आणि पाठवतं कोण?" मी यंत्रमागावर टॉवेल काढणारा माणूस. ताणा-बाणा विचारा, सांगेन. हे काय सांगू?

देश पात्र होतो म्हणजे नेमकं काय होतं? खेळाडू पात्र होतो की देश? आणि यजमानाला फुकटात काय मिळतं? जाणकारांनी लिहा. राजकारण नको, त्याला दुसरे धागे आहेत.

शेंगाचटणी

पैसे चहावाल्याकडं ठेवलाव व्हय? मग पैज तोच जिंकला की बे.

पंचकाका

विजापूरवेस, बरी तीस वर्षं मैदानावर पंच म्हणून उभा राहिलोय, त्यामुळे आधी ॲथलेटिक्सचंच सांगतो.

ऑलिंपिकला खेळाडू स्वतः नाव देत नाही. नाव पाठवायचा हक्क फक्त त्या देशाच्या राष्ट्रीय ऑलिंपिक समितीला. अशा समित्या २०६ आहेत, आपल्याकडे ती म्हणजे भारतीय ऑलिंपिक संघटना. पण अटी ती समिती ठरवत नाही. प्रत्येक खेळाची जागतिक संघटना आपल्या खेळाची पात्रता पद्धत लिहून काढते आणि आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समिती ती मंजूर करते. २०२४ ला पॅरिसला ३२ खेळ होते, म्हणजे ३२ दरवाजे, आणि प्रत्येकाची कडी वेगळी. आत जागा मोजक्या: सगळे खेळ मिळून साधारण १०,५०० खेळाडू.

ॲथलेटिक्सला दोन वाटा आहेत. पहिली सरळ. ठरवून दिलेली वेळ किंवा अंतर ठरलेल्या मुदतीत गाठा. पॅरिससाठी बायकांच्या आठशेला १:५९.३० होती. आपला राष्ट्रीय विक्रम टिंटू लुकाचा, १:५९.१७, तोही २०१० सालचा. आता विचार करा. देशात आजवर जे सगळ्यात भारी पळणं झालं, ते तुम्हाला फक्त दारापर्यंत आणून सोडतं. दुसरी वाट जागतिक क्रमवारीची. ठराविक शर्यतींतल्या गुणांची सरासरी काढतात, आणि गुण नुसत्या वेळेचे नसतात, कितव्या आलात आणि शर्यत कोणत्या दर्जाची होती त्याचेही असतात. निम्म्या जागा एका वाटेनं आणि निम्म्या दुसऱ्या वाटेनं भराव्यात असा हिशेब असतो.

शिवाय एका प्रकारात एका देशाचे जास्तीत जास्त तीन. केनियातला चौथा स्टीपलचेसवाला (अडथळ्यांची तीन हजार मीटर शर्यत) जगात सहावा असला तरी घरी बसतो. आपल्या शेजारच्या बीड जिल्ह्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे याच शर्यतीत ठरलेली ८:१५ ची वेळ पार करून पॅरिसला गेला आणि अंतिम फेरीत ११ वा आला. २०२२ च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुलात तर रौप्य, पहिल्यापेक्षा सेकंदाचे पाच शतांश मागं. ॲथलेटिक्समध्ये वेळ गाठली की ती खेळाडूच्या नावावर असते. सगळ्या खेळांत तसं नाही.

नेमबाज_करवीर

काकांच्या शेवटच्या वाक्याला धरून लिहितो. आमच्या नेमबाजीत कोटा, म्हणजे ऑलिंपिकची जागा, *देशाचा*. हे लोकांना पटतच नाही.

आमच्या कोल्हापूरकडचा, कांबळवाडीचा स्वप्नील कुसाळे. ऑक्टोबर २०२२ ला कैरोच्या जागतिक स्पर्धेत चौथा आला, पदक हुकलं पण पॅरिसचा कोटा मिळाला. मिळाला कुणाला? भारताला. पुढं दीड वर्षानं त्याच्या त्या जागेसाठी देशातच निवड चाचण्या झाल्या, त्यात तो पुन्हा टिकला, मग गेला आणि ५० मीटर रायफल थ्री पोझिशनमध्ये कांस्य घेऊन आला.

आता दुसरी बाजू. ठाण्याचा रुद्रांक्ष पाटील. त्याच कैरोत १० मीटर एअर रायफलचा *विश्वविजेता* झाला, देशाला कोटा मिळवून दिला. चाचण्यांमध्ये मागं पडला आणि पॅरिसला दुसरे दोघे गेले. विश्वविजेता घरी. नियमानं बरोबर आहे, पण त्या दिवशी आमच्या रेंजवर कुणी धड बोलत नव्हतं.

शेंगाचटणी

म्हणजे लग्न ठरवलं एकानं आणि बोहल्यावर दुसरा? लई अवघड आहे राव.

नेमबाज_करवीर

@शेंगाचटणी तसंच काहीसं. कुस्तीतही कोटा देशाचाच. एका वजनगटात देशाचा एकच मल्ल, गटात सगळे मिळून १६. पॅरिसला भारताला कुस्तीत सहाच कोटे मिळाले, त्यात पाच मुलींचे. पुरुषांत फक्त अमन सेहरावत. आपल्याकडे गावागावात तालमी, जत्रेत लाखाच्या कुस्त्या, आणि ही संख्या.

मोहोळचा_वस्ताद

त्याला कारण आहे. आमच्या मोहोळच्या सिकंदर शेखनं २०२३ ला महाराष्ट्र केसरी मारली. ती माती आणि गादी मिळून, वरच्या गटाची कुस्ती. ऑलिंपिकला पुरुषांच्या फ्रीस्टाइलला सहाच वजनगट, वरचा १२५ किलोचा. जागतिक स्पर्धेत दहा. म्हणजे चार वजनांचे मल्ल एक तर वजन तोडून खाली येतात नाहीतर वर जाऊन आपल्यापेक्षा जड माणसाशी भिडतात. विनेशचं काय झालं ते सगळ्यांनी पाहिलं. ५३ ची पोरगी ५० ला खेळली, बिश्केकच्या पात्रता स्पर्धेत कोटा काढला, पॅरिसला अंतिम फेरीत पोचली आणि सकाळी १०० ग्रॅम जास्त भरलं. शंभर ग्रॅम म्हणजे आपले वाटीभर शेंगदाणे.

तालमीत पोरांना मी आता आधी काटा दाखवतो, मग हौदा.

सूरमारणी

माझी मुलगी पोहते, सोलापुरात डायव्हिंगचंही चांगलं वेड आहे, म्हणून तलावाच्या काठावर बसून ऐकलेलं सांगते. पोहण्यात आणि ॲथलेटिक्समध्ये एक तिसरी वाटही असते. ज्या देशाचं कुणीच पात्र ठरत नाही त्यांना एक मुलगा, एक मुलगी पाठवता येते. सगळ्या जगाचा सहभाग राहावा म्हणून. २००० साली सिडनीला इक्वेटोरियल गिनीचा एरिक मुसांबानी असाच आला होता. त्याच्या शर्यतीत बाकीचे दोघे चुकीच्या सुरुवातीमुळे बाद झाले, हा एकटाच उरला. १०० मीटर १:५२.७२ मध्ये, शेवटी शेवटी तर बुडतो की काय असं वाटत होतं. सगळं स्टेडियम उभं राहून ओरडत होतं.

पॅरिसला आपली १४ वर्षांची धिनिधी देसिंघू आणि श्रीहरी नटराज याच वाटेनं गेले.

हिशेबनीस

१४० कोटींचा देश आणि पोहण्यात "गरीब देशांच्या" खिडकीतून तिकीट काढतो. याच्यावर कुणी धागा काढत नाही, यजमानपदाच्या बातमीवर मात्र फटाके.

सूरमारणी

@हिशेबनीस, मुलीला शाळेतून तलावावर सोडून, कपडे वाळत घालून, आठ वाजता परत आणणाऱ्या बाईला फटाक्यांचं सांगू नका दादा. ती खिडकी होती म्हणून १४ वर्षांची पोर ऑलिंपिकच्या पाण्यात उतरली. तिला तो अनुभव नको होता का?

हिशेबनीस

ताई, तुमच्यावर नव्हतं. तलावांवर होतं.

विजापूरवेस

सगळ्यांचे आभार. लेकीला १:५९ सांगितलं. ती म्हणाली, "म्हणजे बावीस सेकंद." आणि गणिताची वही काढून प्रत्येक दोनशे मीटरला किती कमी करायचे ते मांडत बसली. गणिताच्या गृहपाठाला एवढा वेळ कधी दिलेला नाही.

पण यजमानाचं राहिलं. पैज अडकलीय.

सातरस्ता

मी कॉलेजात हॉकी खेळायचे, त्यामुळे यजमानाचं उदाहरण हॉकीतलंच देते.

सांघिक खेळांत यजमानाला बहुधा एक जागा ठेवलेली असते. पॅरिसच्या हॉकीत १२ संघ होते. एक यजमान फ्रान्स, पाच खंडांचे पाच विजेते, सहा पात्रता स्पर्धांतून. आपली मुलं हांगझोऊला आशियाई सुवर्ण जिंकून खंडाच्या जागेवर थेट गेली. मुली तिथं कांस्यावर राहिल्या, मग जानेवारी २०२४ ला रांचीत पात्रता स्पर्धा, तिसऱ्या जागेच्या सामन्यात जपानकडून ०-१. संपलं. घरच्या मैदानावर, घरच्या प्रेक्षकांसमोर. तो एक गोल मी अजून विसरलेली नाही.

आता पैजेचं उत्तर. २०१६ ला रिओमध्ये यजमान ब्राझील. हॉकी महासंघानं सांगितलं, यजमान आहात हे खरं, पण किमान दर्जा दाखवा, नाहीतर जागा नाही. पुरुषांनी कसाबसा दाखवला. महिलांना जमलं नाही आणि ब्राझीलच्या महिलांचा संघ ब्राझीलमधल्याच ऑलिंपिकला खेळला नाही. तेव्हा "थेट आत" म्हणणारा अर्धा चूक आणि "काही नसतं" म्हणणाराही अर्धा चूक. धावणं-पोहणं तर सोडाच, तिथं यजमानाच्या पोरालाही घड्याळाला उत्तर द्यावंच लागतं.

शेंगाचटणी

अर्धे-अर्धे चूक, म्हणजे पैसे चहावाल्याचेच. म्या पहिल्यांदाच सांगूलालतो.

गुपचूप_वाचक

राष्ट्रकुल आणि आशियाई स्पर्धांना पण असंच कोटा-बिटा असतं का?

पंचकाका

तिथं बरंच सैल आहे. राष्ट्रकुलात आता ७४ संघ, आणि इंग्लंड, स्कॉटलंड, वेल्स वेगवेगळे उतरतात. ऑलिंपिकला मात्र ते सगळे एकच, ग्रेट ब्रिटन. आशियाई परिषदेत ४५ देश. ॲथलेटिक्सला एका प्रकारात देशाचे दोन जण. पात्रता वेळेची चाळण मुख्यतः बाहेर नाही, *घरात* लागते. आपला खेळ महासंघ स्वतःची वेळ ठरवतो, आणि त्याच्यावर क्रीडा मंत्रालयाचे निकष. २०२३ ला सांघिक खेळांत आशियात पहिल्या आठात असाल तरच पाठवू असं म्हटलं होतं, त्यात फुटबॉल अडकला, आरडाओरडा झाला, मग सूट मिळाली. त्या हांगझोऊत भारताची १०७ पदकं आली.

२०२६ च्या सप्टेंबरात आशियाई स्पर्धा जपानला, आयची-नागोयात. त्याआधी जुलैत ग्लासगोला राष्ट्रकुल. पण ग्लासगोचं ताट बघा: फक्त दहा खेळ. हॉकी नाही, कुस्ती नाही, बॅडमिंटन नाही, नेमबाजी नाही, क्रिकेट नाही, टेबल टेनिस नाही. आपण जे जेवतो तेवढंच नेमकं काढून घेतलंय.

हिशेबनीस

काका, ते ताट असं का झालं ते सांगायला पाहिजे, कारण यजमानपदाचा सगळा धडा त्यात आहे. माझा धंदा हिशेबाचा, सहन करा.

२०२६ च्या स्पर्धा मुळात ऑस्ट्रेलियाच्या व्हिक्टोरिया राज्यानं घेतल्या होत्या. एका मोठ्या शहरात नाही, चार-पाच छोट्या शहरांत विभागून. ऐकायला छान. जुलै २०२३ ला तिथलं सरकार म्हणालं, २६० कोटी ऑस्ट्रेलियन डॉलरचा अंदाज होता, आता ६०० ते ७०० कोटी होतोय, आम्ही नाही करत. माघार घेतल्याची भरपाई ३८ कोटी डॉलर दिली आणि मोकळे झाले. ग्लासगोनं मग जुनी मैदानं, थोडे खेळ आणि छोटा खर्च या अटीवर पदर पसरला.

डेन्व्हरची गोष्ट याहून भारी. १९७६ चं हिवाळी ऑलिंपिक त्यांना *मिळालेलं* होतं. १९७२ ला लोकांनी मतदान करून पैसे द्यायचंच नाकारलं. स्पर्धा इन्सब्रुकला गेल्या. त्याच १९७६ चं उन्हाळी ऑलिंपिक माँट्रियलनं केलं आणि त्याचं कर्ज २००६ ला फिटलं. तीस वर्षं! तेव्हा जन्मलेल्या पोरांची पोरं शाळेत गेली. १९८४ साठी मग उमेदवार एकच उरला, लॉस एंजेलिस. एकटाच गिऱ्हाईक म्हटल्यावर भाव त्यानंच ठरवला. होती ती मैदानं वापरली, प्रायोजक गाठले आणि २० कोटी डॉलरच्या वर नफा काढला. व्यापाऱ्यांच्या गावात राहणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको.

२०२४ साठी पण बोस्टन, हॅम्बुर्ग, रोम, बुडापेस्ट एकेक करून गळाले. हॅम्बुर्गला तर लोकांनी मतदान करून नको म्हटलं. उरले पॅरिस आणि लॉस एंजेलिस. समितीनं २०१७ ला लिमामध्ये एकाला २०२४ आणि दुसऱ्याला २०२८ देऊन टाकलं, दोघंही खूश.

विजापूरवेस

मग आता यजमान निवडतात कसं? जुन्या काळी मतदान व्हायचं ते टीव्हीवर बघितलेलं आठवतंय.

हिशेबनीस

जुन्या पद्धतीत सात वर्षं आधी शहरं एकमेकांसमोर उभी राहायची, सदस्य मतं द्यायचे, हरलेल्यांचे कोट्यवधी पाण्यात. २०१९ पासून बदललं. आता भावी यजमान आयोग असतो. इच्छुकांशी आधी नुसती बोलणी चालतात, मग एखाद्याशी नेमकी बोलणी, आणि शेवटी अधिवेशनात त्या एकाच नावावर हो की नाही. ब्रिस्बेनला २०३२ असंच मिळालं, जुलै २०२१ ला, ७२ विरुद्ध ५. मुलगी दाखवायचा कार्यक्रम बंद, आता मध्यस्थामार्फत ठरवतात आणि साखरपुड्याला बोलावतात.

आपलं म्हणाल तर ऑक्टोबर २०२३ ला आंतरराष्ट्रीय समितीच्या मुंबईतल्या अधिवेशनात पंतप्रधानांनी इच्छा जाहीर केली, पुढच्या वर्षी इच्छापत्र गेलं, जुलै २०२५ ला शिष्टमंडळ लोझानला, समितीच्या मुख्यालयात, जाऊन आलं. दरम्यान समितीच्या नव्या अध्यक्ष कर्स्टी कोव्हेंट्री आल्या आणि निवडीची पद्धतच पुन्हा तपासू म्हणून सगळ्यांना थांबवलं. त्यामुळे पार्क चौकातल्या त्या पहिल्या गृहस्थांना सांगा, २०३६ अजून कुणाचंच नाही. राष्ट्रकुलाचं मात्र पक्कं, आणि १९३० ला कॅनडातल्या हॅमिल्टनला सुरू झालेल्या त्या स्पर्धांचं ते शंभरावं वर्ष.

सातरस्ता

एक गोष्ट यजमानपदाइतकीच महत्त्वाची आणि कुणी बोलत नाही. संघटनेचा कारभार. डिसेंबर २०१२ ला भारतीय ऑलिंपिक संघटनेला आंतरराष्ट्रीय समितीनं निवडणुकीच्या गोंधळापायी निलंबित केलं होतं. फेब्रुवारी २०१४ ला सोचीच्या हिवाळी ऑलिंपिकच्या उद्घाटनात बर्फावरच्या घसरगाडीचा (ल्यूजचा) खेळाडू शिवा केशवन आणि बाकीची पोरं तिरंगा न घेता ऑलिंपिकच्या झेंड्याखाली चालली. स्पर्धा चालू असतानाच निलंबन उठलं, मग तिरंगा चढला. त्या पोरांचा काय दोष? कागदाचं भांडण वरच्यांचं आणि झेंडा गेला खेळाडूंचा.

नाव पाठवायचा हक्क फक्त त्या समितीला, हे काकांनी वर लिहिलंय ना, त्याचा अर्थ हा. समिती बंद तर देश बंद. २०२५ ला राष्ट्रीय क्रीडा प्रशासन कायदा आला तो बऱ्याच अंशी याच धाकानं.

वेळापूरकर

खो-खोवाल्यांच्या वतीनं हजेरी. जानेवारी २०२५ ला दिल्लीत पहिला विश्वचषक झाला, पुरुष-महिला दोन्ही भारताचे, आणि दोन्ही कर्णधार महाराष्ट्राचे, प्रतीक वाईकर आणि प्रियांका इंगळे. मग ऑलिंपिकला का नाही?

पंचकाका

वेळापूरकर, खेळाचीही पात्रता असते! जुन्या नियमानं पुरुषांचा खेळ किमान ७५ देशांत आणि चार खंडांत खेळला जायला हवा, महिलांचा ४० देशांत आणि तीन खंडांत. वर मान्यताप्राप्त जागतिक संघटना, उत्तेजक चाचणीचे नियम, सगळं आलं. कबड्डी १९३६ ला बर्लिनला अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळानं दाखवली होती, लोकांनी वाहवा केली. १९९० ला आशियाई स्पर्धांत आली. ऑलिंपिकचं दार अजून बंद.

मात्र आता यजमानाला काही जादा खेळ सुचवता येतात. टोकियोनं कराटे आणलं, पॅरिसनं ब्रेकिंग (ब्रेकडान्स), लॉस एंजेलिसनं क्रिकेट. यजमानपदाचा खरा फायदा मला विचाराल तर हा. खेळाडू आत ढकलता येत नाही, खेळ आत आणता येतो.

शेंगाचटणी

क्रिकेटला किती संघ हायेत?

सातरस्ता

सहाच. पुरुषांचे सहा, महिलांचे सहा, टी-ट्वेंटी. १९०० नंतर पहिल्यांदा. आणि वेस्ट इंडीज म्हणून देशच नाही, त्यामुळे तिथं घोळ होणार. २०२२ च्या राष्ट्रकुलात महिलांच्या क्रिकेटला बार्बाडोस उतरला होता. आपल्या माळशिरस तालुक्यातल्या मिरे गावची किरण नवगिरे आधी भालाफेक करायची, पुढं क्रिकेटमध्ये भारतासाठी खेळली. अशा मुलींना सहा संघांचं ऑलिंपिक म्हणजे केवढं अरुंद दार.

शेंगाचटणी

माझा साधा प्रश्न. समजा २०३६ आलं. एखादा खेळ सोलापुरात व्हईल का? पार्क मैदानावर रणजी परत आली की. विमान पण उडूलालंय आता.

हिशेबनीस

पाणी किती दिवसांआड येतं तुमच्याकडं?

शेंगाचटणी

पाचव्या दिवशी. पण पाव्हणे पण पाचव्या दिवशीच अंघोळ करतील, त्यात काय.

सूरमारणी

😂 आणि डायव्हिंग कशात करायचं?

हिशेबनीस

गंमत सोडा, पण शेंगाचटणीचा प्रश्न तितका वेडा नाही. पॅरिसचं सर्फिंग १५,००० किलोमीटरवर ताहितीत झालं. १९५६ ला मेलबर्नचं ऑलिंपिक, पण ऑस्ट्रेलियाच्या जनावरांच्या विलगीकरणाच्या कायद्यापायी घोडेस्वारी स्टॉकहोमला, तीही पाच महिने आधी. २०२८ ला लॉस एंजेलिसचं सॉफ्टबॉल ओक्लाहोमा सिटीत आहे, कारण मैदान तिथं तयार आहे. नवीन बांधू नका, असेल तिथं खेळा, हा आताचा मंत्र. म्हणून सांगतो, *असलं* पाहिजे. आपल्याकडे मैदान बांधतात, फीत कापतात आणि दोन पावसाळ्यांनी ट्रॅकवर गवत.

पॅरिसच्या क्रीडाग्रामात चौदा हजारांवर माणसं राहिली. गड्ड्याला होम मैदानावर किती गर्दी असते? आपण ती दरवर्षी सांभाळतो. पण ती भक्तांची, मिळेल तिथं बसून भाकरी खाणारी. ही गर्दी करारावर सही घेऊन येते.

पंचकाका

पुण्याच्या बालेवाडीचं उदाहरण आहे. १९९४ च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांसाठी बांधलं, २००८ ला तिथंच राष्ट्रकुल युवा स्पर्धा झाल्या, आणि आजही राज्याच्या स्पर्धा तिथं होतात. एका स्पर्धेचा ट्रॅक तीस वर्षं पोरांना पुरला. दिल्लीचा २०१० चा खर्च आणि त्याच्या चौकश्या सगळ्यांना पाठ आहेत, पण त्याच स्पर्धांत भारतानं १०१ पदकं घेतली, हे मात्र लोक विसरतात. मी दोन्ही लक्षात ठेवतो.

आता विजापूरवेस, तुमच्या लेकीचं. बाकीचं सगळं तिच्यासाठी दहा वर्षांनंतरचं आहे, हे आजचं आहे.

ती २:२१ कुठंच नाही. प्रमाणपत्रावर नाही म्हणून नव्हे, प्रमाणपत्रावर असती तरी नाही. जागतिक पात्रतेसाठी आठशेपर्यंतच्या शर्यतींना हाताच्या घड्याळाची वेळ धरतच नाहीत. इलेक्ट्रॉनिक वेळ लागते. शर्यत जागतिक संघटनेच्या वेळापत्रकात नोंदलेली लागते. मुलं-मुली एकत्र पळवली असतील तर तीही चालत नाही, आपल्याकडे गर्दी नको म्हणून सर्रास पळवतात. मी स्वतः वर्षानुवर्षं पायऱ्यांवर बसून बोटानं वेळ लावलीय. बंदुकीचा धूर बघून बटण दाबायचं असतं, आवाज ऐकून नाही, हे शेजारच्या पंचाला सांगून थकलो. माझ्या बोटाखालून किती पोरांचे सेकंद इकडचे तिकडे झाले असतील देव जाणे.

तिचं आधी खेळाडू म्हणून महासंघाकडे नोंदणी क्रमांक काढा, जन्मदाखला धरून. मग राष्ट्रीय आंतरजिल्हा कनिष्ठ स्पर्धा असते, १४ आणि १६ वर्षांखालच्यांची, देशभरातल्या शेकडो जिल्ह्यांतून पोरं येतात, तिथं जिल्हा निवड चाचणीतून जाता येतं. आणि त्याच्याही आधी, एकदा तरी तिला इलेक्ट्रॉनिक वेळेवर पळवून आणा. वेळ वाईट येईल. येऊ द्या.

विजापूरवेस

काका, वाईट का?

पंचकाका

कारण बोट उशिरा सुरू होतं आणि लवकर थांबतं. माणसाचं आहे.

सूरमारणी

@विजापूरवेस, जन्मदाखल्यावरचं आणि आधारवरचं नाव एकच आहे का ते आजच बघा. आमच्याकडे आईच्या नावाच्या एका वेलांटीपायी दोन महिने गेले होते.

विजापूरवेस

(तीन आठवड्यांनी)

धागा वर काढतोय, माफ करा. मागच्या रविवारी पुण्याला जाऊन आलो, बालेवाडीतच एक खुली स्पर्धा होती, कॅमेऱ्यानं वेळ लावणारी. सकाळची हुतात्मा एक्सप्रेस गाठून आदल्या दिवशीच गेलो. लेकीनं पहिल्यांदा तसा ट्रॅक बघितला, चप्पल काढून हात लावून बघितला.

२:२४.६३. सातवी.

गाडीत दौंडपर्यंत बोलली नाही. मला वाटलं रडेल. कुर्डुवाडीला वडापाव घेतला, तेव्हा म्हणाली, "बाबा, आता वहीतलं सगळं परत मांडायला लागेल." आणि खाता खाता मांडत बसली. वेळेचा कागद तिनं कपाटाच्या आतल्या बाजूला चिकटवलाय, बाहेरच्या नाही. वेलांटीही तपासली, सूरमारणीताई, चुकलेली होती. अर्ज केलाय.

पैजेचे दोनशे रुपये चहावाल्यानं उधारीत वळते केले.

पंचकाका

.६३ लिहिलंत, बरं वाटलं. पहिल्या चारशेची वेळ किती होती? ती कळवा.

शेंगाचटणी

म्या काय म्हणूलालतो पहिल्या दिवशी? चहावाला जिंकला.